हीट पंप, जानेवारीची नोंद: दोष रिटर्नच्या बाजूला निघाला

नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या तीन टनी हीट पंपाची (उलटा चालून घर तापवणारा एसी) घरात तारीफ चालली होती, हवा कशी छान कढत येते म्हणून. मला नेमकं तेच खटकत होतं. बाहेर ४७ फॅरनहाइट असताना खोलीतली ७० ची हवा साधारण ९८ होऊन यायला हवी. थर्मामीटर ११० दाखवत होता. उष्णता जास्त नव्हती, हवा कमी होती.

हवा कमी पडली की कॉईलची उष्णता नीट उचललीच जात नाही. रेफ्रिजरंटचा दाब चढतो, कंप्रेसर वीज खातो, आणि फारच झालं तर हाय प्रेशर स्विच यंत्र बंद पाडतो. मग सगळा भार हीट स्ट्रिप्सवर, म्हणजे विजेच्या तापक पट्ट्यांवर; बिलाचं सांगायला नको. उन्हाळ्यात हवा कमी पडली तर घरातली कॉईल बर्फाने माखते.

हवा मोजायला थर्मोस्टॅट इमर्जन्सी हीटवर टाकला, म्हणजे कंप्रेसर बंद, फक्त स्ट्रिप्स चालू. स्ट्रिप्स ९.६ किलोवॉट खेचत होत्या, तापमानवाढ ३६ डिग्री. ९६०० वॉटला ३.४१२ ने गुणायचं (तासाचे बीटीयू मिळतात), मग १.०८ (हवेचा ठरलेला गुणक) गुणिले ३६ ने भागायचं: सुमारे ८४० सीएफएम, म्हणजे मिनिटाला इतके घनफूट हवा. टनाला ४०० धरले तर १२०० हवेत!

मग मॅनोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारं यंत्र, लावला. यंत्राच्या पाटीवर कमाल ०.५ इंच (पाण्याच्या स्तंभाचे), प्रत्यक्षात ०.८०. पुरवठ्याकडे (खोल्यांत हवा सोडणारी बाजू) ०.३२, रिटर्नकडे (खोल्यांतली हवा परत ओढणारी बाजू) ०.४८, आणि त्यातले ०.३१ एकट्या फिल्टरचे. फिल्टर नवाकोरा, २० बाय २०, एक इंची, मर्व्ह १३ (गाळणीच्या बारीकपणाची श्रेणी). एवढ्याशा क्षेत्रफळातून एवढी बारीक गाळणी झेपणार कशी?

चार इंची फिल्टरचं कॅबिनेट बसवलं. घड्या खोल असल्याने कागद कितीतरी जास्त. तापमानवाढ ३२ वर आली, म्हणजे ९५० च्या आसपास. एकूण दाब मात्र ०.७१, कारण जास्त हवा वाहू लागल्यावर त्याच डक्टमध्ये पुरवठ्याचा दाब ०.४१ वर गेला. नुसता एकूण आकडा पाहणारा इथे हिरमुसेल. आमची मोटर जुन्या धाटणीची, म्हणून हवा तरी घटून दिसली. ईसीएम (स्वतःचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक मोटर) असती तर जास्त वीज ओढून तिने हवा बरीचशी टिकवली असती, आणि दुखणं झाकलं गेलं असतं.

उरलेले अडीचशे सीएफएम बहुधा क्रॉलस्पेसमध्ये, म्हणजे घराखालच्या बुटक्या पोकळीत, अडकलेत. बेडरूमकडे जाणारा फ्लेक्स (लवचीक) डक्ट दोन आधारांमध्ये पोट सोडून लोंबतोय. दर चार फुटांवर पट्टा आणि फुटामागे अर्ध्या इंचाहून जास्त झोळ नाही, एवढं संक्रांतीनंतर खाली उतरून करायचंय.