वापरलेली, पण नीट राखलेली मेपल गिटार : तपासणीपासून पिकअपपर्यंतच्या नोंदी

पाठ आणि बाजू मेपल लाकडाच्या, पुढची फळी सिटका स्प्रूस लाकडाची, सॅडलखाली (तारा जिच्यावर टेकतात त्या छोट्या पट्टीखाली) पिझो पिकअप, म्हणजे दाबातून विद्युत संकेत तयार करणारी पट्टी, आणि बाजूच्या फळीत बसवलेला, तो संकेत वाढवणारा प्रीॲम्प, अशी एक वापरलेली गिटार सध्या माझ्या टेबलावर आहे. आधीच्या मालकांनी ती इतक्या निगुतीने सांभाळली आहे की तिच्यात कशाला हात लावायचा नाही, हे ठरवण्यातच माझा बराचसा वेळ गेला. त्या निर्णयांची कारणे येथे नोंदवत आहे. अशीच गिटार हाती आलेल्यांना त्यांचा उपयोग व्हावा.

गिटार चांगली राखली आहे की नाही, हे तिच्या चकाकीवरून ओळखता येत नाही. मी सर्वप्रथम फ्रेटबोर्डच्या, म्हणजे मानेवर बोटे दाबण्याच्या फळीच्या, दोन्ही कडांवरून बोट फिरवून पाहिले. कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचे लाकूड आकसते, त्यावरचे फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, मात्र आहेत तेवढेच राहतात, त्यामुळे त्यांची टोके बाहेर येऊन बोटाला टोचू लागतात. येथे एकही टोक टोचले नाही, याचा अर्थ ही गिटार आर्द्रतेची काळजी घेऊनच ठेवली गेली होती. त्यानंतर फ्रेटांवर सरळ पट्टी ठेवून ती ब्रिजच्या (पुढच्या फळीवर तारा अडकवलेल्या भागाच्या) दिशेने पुढे सरकवली. पट्टीचे टोक ब्रिजच्या वरच्या कडेला अलगद टेकले, म्हणजे मानेचा कोन शाबूत आहे. साउंडहोलमधून छोटा आरसा आणि दिवा घालून आतल्या पट्ट्यांचे सांधे पाहिले, फळीवर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक करून पाहिली. कोठेही भरड किंवा सैल आवाज आला नाही. ब्रिजच्या मागे फळीला किंचित फुगवटा आहे, पण सहा तारांचा मिळून सुमारे ७० किलोचा ताण सतत सोसणाऱ्या पातळ फळीला तेवढा फुगवटा असायचाच. पहिल्या तीन फ्रेटांवर बारीक तारांखाली उथळ खुणा आहेत, मात्र त्यांनी सूर खरखरत नाही, म्हणून त्या तशाच राहू दिल्या आहेत.

मापेही समाधानकारक निघाली. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून आणि सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार चौदाव्या फ्रेटवर दाबून धरल्यावर सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात ०.२ मि.मी. फट दिसली. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची सहाव्या तारेला २.४ मि.मी. आणि पहिल्या तारेला १.८ मि.मी. आहे. ही मापे मला सोयीची असल्यामुळे ट्रस रॉडला (मानेचा वाक ठरवणाऱ्या आतल्या सळईला) किल्ली लावलेली नाही.

आता लाकडाविषयी. रोझवूडच्या गिटारची सवय असलेल्या कानाला मेपल सुरुवातीला कोरडे वाटते. मेपल स्वतःच्या अंतर्गत घर्षणात कंपने लवकर जिरवते, त्यामुळे स्वराची आस आखूड राहते आणि उपस्वरांचा पसारा कमी होतो. हा या लाकडाचा उणेपणा आहे, असे मला अजिबात वाटत नाही. भरगच्च कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, आधीचा स्वर पुढच्याच्या पायात घोटाळत नाही, आणि गायकाच्या आवाजासाठी जागा मोकळी राहते. व्हायोलिनच्या पाठीसाठी मेपल शतकानुशतके वापरले जाते. गिब्सनच्या जे-२०० या थोराड गिटारलाही दुसऱ्या महायुद्धानंतर मेपलचीच पाठ मिळाली. एवढ्या मोठ्या पोटाच्या गिटारचा खर्ज आटोक्यात ठेवायला असेच लाकूड हवे, असे माझे मत आहे.

पाठीवरचे आडवे पट्टे गिटार किंचित कलवली की जागा बदलल्यासारखे दिसतात, जिथे उजळ होते तिथे गडद होते. लाकडाचे तंतू नागमोडी वाढल्यामुळे प्रकाश प्रत्येक वळणावर वेगळ्या दिशेने परततो, म्हणून हे घडते. नादाशी याचा फारसा संबंध नसला, तरी पाहताना मन भरत नाही, हेही खरे आहे.

ॲम्प्लिफायरला जोडल्यावर मात्र एक दोष आढळला. जोडणी नसताना सहाही तारा समतोल वाजत होत्या, पण पिकअपमधून दुसरी तार स्पष्टपणे दबलेली येत होती. तार बदलूनही फरक पडला नाही, म्हणजे अडचण सॅडलखालीच असणार. सॅडलखालच्या पिझो पट्टीवर जेवढा दाब पडतो, त्यातील चढउतारांतूनच विद्युत संकेत तयार होतो. सॅडलचा तळ एखाद्या ठिकाणी पट्टीला नीट टेकत नसेल, तर तेथील तारेचा आवाज हमखास क्षीण होतो. तारा सैल करून सॅडल काढले, काचेवर उभे धरले आणि पलीकडे दिवा ठेवला. दुसऱ्या तारेच्या बरोबर खाली केसाएवढी प्रकाशरेषा दिसली.

सपाट काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, सॅडलच्या तळावर पेन्सिलीने आडव्या रेघा ओढल्या आणि सॅडल गुण्याला टेकवून, काटकोन न सोडता, हलक्या हाताने घासले. सुरुवातीला दोन्ही टोकांच्या रेघा पुसल्या गेल्या, मधली रेघ मागे राहिली. तीही पुसली गेली तेव्हा थांबलो. सॅडल जेवढे कमी होते, त्याच्या निम्म्याने बाराव्या फ्रेटवरची तारेची उंची कमी होते, त्यामुळे एवढ्या घासण्याने मापात जाणवण्याजोगा फरक पडला नाही. खाचेत पिकअपची वायर जेथून आत जाते तेथे लाकडाचा भुसा साचला होता, तो मऊ ब्रशने काढला. आता सॅडल खाचेत बोटाने सहज बसते आणि सहज निघते. ते घट्ट बसवण्याचा मोह टाळावा, कारण घट्ट सॅडल बाजूच्या भिंतींना अडकते आणि तारांचा दाब तळापर्यंत पूर्ण पोहोचत नाही. तारा पुन्हा ताणल्यावर दुसरी तार इतरांच्या बरोबरीने वाजू लागली, याचा झालेला आनंद शब्दांत मांडणे अवघड आहे.

प्रीॲम्पची मांडणी अजून चालू आहे. आवाज वाढवला की सहाव्या तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा जी, म्हणजे ९८ हर्ट्झचा स्वर, घुमू लागतो, कारण पोटातल्या हवेचा स्वतःचा अनुनादही १०० हर्ट्झच्या आसपासच आहे. नॉच फिल्टर (ठरावीक अरुंद टप्प्यातील स्वर दाबणारे नियंत्रण) तेथे आणल्यावर घूम थांबते आणि बाकीचा खर्ज सलामत राहतो. फेजचे (संकेत उलटा करणारे) बटण दाबून कोणती बाजू शांत आहे, हे प्रत्येक खोलीत नव्याने पाहावे लागते. मध्यम स्वरांची पातळी थोडी उतरवल्याने जोरात छेडताना येणारा पिझोचा चिरका आवाजही बराच निवळतो. वादन संपल्यावर जॅकमधून केबल काढायलाच हवी, कारण प्रीॲम्पची ९ व्होल्टची बॅटरी केबल आत गेल्यावरच चालू होते आणि केबल तशीच राहिली तर ती उतरत राहते.

सध्या ०.०१२ इंच जाडीच्या तारेपासून सुरू होणारा फॉस्फर ब्राँझ या मिश्रधातूच्या तारांचा संच लावला आहे. यापुढे ८०/२० ब्राँझ या दुसऱ्या मिश्रधातूच्या तारा लावून पाहणार आहे. मेपलच्या मूळच्या उजळ नादावर त्या तारा जास्त तीक्ष्ण होतील, असा माझा अंदाज आहे, पण तो वाजवल्याशिवाय ग्राह्य धरणार नाही. गिटारच्या पेटीत आर्द्रतामापक ठेवला असून आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखत आहे. दुसऱ्या तारेचा सूर बाराव्या फ्रेटवर किंचित चढा लागतो. त्यासाठी सॅडलच्या वरच्या कडेवरील त्या तारेचा टेकू जरासा मागे न्यावा लागेल आणि ते काम पुढच्या नोंदीत मापांसह मांडेन.