चेंबरचा बोल्ट आणि दाजींची मारुती

गाडीखाली ऑइलचा डाग दिसला की आपल्याकडं पहिला उपाय ठरलेला असतो: बोल्ट आवळा. तरी गळतंय? अजून आवळा. हातानं होईना तर पान्याला पाइप लावा आणि त्यावर उभे राहा. चेंबरचे, म्हणजे इंजिनाच्या तळाला असलेल्या ऑइलच्या भांड्याचे, ऑइल सोडायचे जे बोल्ट मी मेलेले बघितलेत, त्यातले बहुतेक ढिले राहून नाही, आवळून मेलेत.

मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात आटे तपासायचं थ्रेड गेज आणि मायक्रोमीटर. मेकॅनिक नव्हे, पण पाहुण्यांच्या हिशेबात लोखंडाशी संबंध असलेला माणूस म्हणजे मेकॅनिकच. त्यामुळं गडहिंग्लजहून दाजींचा फोन आला, "पाव्हणं, गाडी गळायला लागलीय, येताना पानं घेऊन या."

गाडी १९९९ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. पंधरा वर्षं झाल्यावर पाच-पाच वर्षांनी पासिंग करून घेत दाजींनी ती अजून रस्त्यावर ठेवलीय. ते हायस्कूलवर गणित शिकवायचे. मी पोचेपर्यंत त्यांनी गाडीखाली पुठ्ठा टाकून, घड्याळ लावून गळती मोजून ठेवली होती. "मिनिटाला एक थेंब. म्हणजे दिवसाला चौदाशे चाळीस." मी म्हटलं, एका मिलिलिटरला चोवीस थेंब धरा. त्यांनी तोंडीच केलं: दिवसाला साठ मिली, महिन्याला एक लिटर आठशे. ह्या इंजिनात ऑइल बसतं जेमतेम तीन लिटर. मग मात्र दाजी गप्प झाले. बरं, चेंबरचा बोल्ट तळाला असतो, ऑइल कायम त्याच्या वरच उभं असतं, त्यामुळं गाडी नुसती दारात लावून ठेवली तरी हा हिशेब चालूच राहतो.

पण बोल्टापाशी थेंब लोंबतोय म्हणून बोल्टच गळतोय असं लगेच धरू नये. ऑइल वरून कुठूनही सुटलं तरी ओघळत ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला येतं, आणि सगळ्यात खाली बोल्टाचं डोकं असतं. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग, डिस्ट्रिब्यूटरची ओ-रिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं मागचं ऑइल सील, ही सगळी संशयित मंडळी. म्हणून आधी रॉकेलच्या फडक्यानं सगळं खालपासून वरपर्यंत पुसून काढलं, कोरडं केलं आणि चेंबरवर टाल्कम पावडर मारली. पावडर आक्काची. तिनं डबा परत मागितला तेव्हा त्यावर माझी काळी बोटं उठलेली होती, त्यावर जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. इंजिन दहा मिनिटं चालवलं, बंद केलं, टॉर्च घेऊन खाली गेलो. पांढऱ्या पावडरीत बोल्टाच्या डोक्याभोवती तपकिरी कडं उठलं होतं, वरची पावडर कोरडी. टॅपेट कव्हरखाली एक बारीक ओघळ होता, पण ते काम वेगळं. इथला गुन्हेगार बोल्टच.

(खाली जाताना जॅकवर भरवसा ठेवू नका. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडण, आणि वजन स्टँडवर किंवा जाड लाकडी ठोकळ्यांवर. विटा अजिबात नकोत. वीट सांगून फुटत नाही.)

ऑइल कोमट असताना सोडलं. बोल्ट हातात आला तो सजवलेला. आट्यांवर नळाला गुंडाळतात तो पांढरा दोरा, त्यावर लाल सिलिकॉनचा लगदा, आणि डोक्याखाली एकावर एक दोन वॉशर. मागं ज्यानं ऑइल बदललं होतं त्याला गळती दिसली असणार, आणि हाताला लागेल ते त्यानं लावलं असणार.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे. ह्या बोल्टाचे आटे ऑइल अडवत नाहीत. आटे म्हणजे आत जाणारी गोल गोल वाटच, ऑइल त्यातून निवांत खाली येतं. अडवतो तो वॉशर, बोल्टाचं डोकं आणि चेंबरची बैठक ह्यांच्यामध्ये दाबला जाऊन. आट्यांचं काम फक्त दाबून धरायचं. म्हणून दोरा, टेफ्लॉन टेप हे सगळं नळाच्या दुकानात शोभतं, इथं नाही. उलट त्याचे तुकडे सुटून आत गेले तर ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसायचे. दोन वॉशरचंही तसंच: दोन ऐवजी तीन फटी तयार झाल्या, एवढंच.

बोल्ट पेट्रोलनं धुऊन उन्हात धरला. डोक्याखालची बाजू म्हणजे खरं वाचण्याची जागा. वॉशरनं पाडलेले गोल व्रण होते, त्याचं काही नाही. गोल व्रणावरून ऑइल गोलच फिरतं. पण एका ठिकाणी आतून बाहेर जाणारा आडवा ओरखडा होता, नखाला लागेल असा. पाइप लावून आवळताना मध्ये खडा किंवा लोखंडाचा कीस सापडला असेल. ऑइलला बाहेर यायला एवढी पन्हळ पुरते, वरून कितीही दाबा. चेंबरच्या बैठकीवरही त्याला जुळणारी बारीक खूण निघाली.

बोल्टाची साइज एम१४, म्हणजे चौदा मिलिमीटर जाडीचा, आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दीड मिलिमीटर. गेज लावून बघितलं, बरोबर होतं. हे बघणं आवश्यक, कारण स्पार्क प्लगचे आटे असतात चौदाचेच, पण पिच सव्वा. त्या पिचचा बोल्ट कुणी इथं घुसवला तर दोन-तीन फेरे जातो, मग अडतो, आणि जोर लावला की चेंबरचे आटे खातो. म्हणून नवा बोल्ट बोटांनीच शेवटपर्यंत लावून बघायचा. बोटांनी जात नसेल तर पाना घ्यायचाच नाही.

आमचे आटे शाबूत होते. आटे पाडायच्या टॅपला ग्रीस लावून हातानं एकदा आत-बाहेर फिरवला. कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो, चेंबरमध्ये पडत नाही. बैठक ऑइलस्टोननं हलकी घासून सपाट केली. नवा बोल्ट बाजारातून आणला. जुन्याची डोक्याखालची बाजू लेथवर सपाट करून तो वापरता आला असता, पण त्यासाठी कोल्हापूरला परत कोण जाणार?

आटे गेले असते तर? तर १४.५चं ड्रिल मारून एम१६ दीड पिचचा टॅप फिरवायचा, आणि त्या मापाचा बोल्ट लावायचा. ते चेंबर उतरवून करावं, म्हणजे कीस धुता येतो. पण चेंबर उतरवायचाच तर आणि पत्रा गंजलेला असेल तर मी नवा चेंबरच घालीन. वेल्डिंगवाल्याकडं जाऊन नट चिकटवून आणणारे आहेत, त्यांच्याशी माझा वाद नाही, पण त्यांच्या गाडीखाली पुठ्ठा बारा महिने असतो.

वॉशर तांब्याचा मिळाला, पण हाताला कडक लागला. आक्काच्या गॅसवर सांडशीत धरून मंद लाल केला आणि पाण्यात टाकला. दाजी बघत होते. "काय वो पाव्हणं, लोहार विळा लाल करून पाण्यात घालतो ते कडक व्हायला. तुम्ही मऊ व्हायला घालताय?" प्रश्न मास्तरांना शोभेल असाच. पोलाद झटक्यात गार झालं की कडक होतं. तांब्याचं तसं नाही. ते दाबून, ठोकून कडक होतं आणि तापवलं की ती अढी सुटते. मग हवेत गार करा नाहीतर पाण्यात, मऊच राहतं. पाण्यात घातलं की वरची काळी खपली सुटते आणि बोटंही भाजत नाहीत, इतकाच फायदा.

मग आवळणं. ह्या बोल्टाला ३५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, पुरतो. माझ्याकडं हा जोर मोजून आवळायचा पाना, टॉर्क रेंच, होता. ज्यांच्याकडं नाही त्यांनी असं धरावं: वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीचा पाना असेल तर टोकाला साधारण अठरा किलोचा ओढ. एका हातानं, बसल्या बसल्या. त्याच बोल्टावर दोन फुटी पाइप लावून पन्नास किलोचा भार टाकला तर टॉर्क जातो तीनशेच्या घरात, म्हणजे लागतो त्याच्या आठपटीहून जास्त. दाजींनी हा गुणाकारही स्वतः करून बघितला.

ऑइल नवं भरलं, इंजिन चालवलं, परत पावडर. कडं उठलं नाही. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून ठेवलंय. गटारात ओतलं तर ते हिरण्यकेशीतच जाणार, म्हणून वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्याकडं द्यायचं ठरलंय.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग पुढच्या खेपेला बदलू. मागचं ऑइल सीलही थोडं ओलं दिसतंय, पण त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि तिथून अजून थेंब पडत नाही, नुसता ओलावा आहे. दाजींना सांगितलंय, क्लचचं काम निघेल तेव्हाच त्याला हात लावा.