तळ्याकाठची हिरवळ, चार तासांपुरती आपली

"लॉन बुक झालं," असं मी आईला फोनवर सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, "अगं, कुणाचं ठरलं?" नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाने दुसरं विचारावं तरी काय? आपल्याकडे लॉन म्हणजे लग्न. गंगापूर रोडला जा नाहीतर औरंगाबाद रोडला, मोठी कमान, रोषणाई, आत पंगती किंवा बुफे. जागा कुणाच्या तरी मालकीची आणि मुहूर्त असला की भाडं वाढलेलं. मी सांगत होते ते लॉन म्हणजे नुसती हिरवळ. शहराच्या मालकीची, तळ्याच्या काठची. आणि ठरलं होतं ते लग्न नव्हतं, कोजागिरी होती.

मी राहते अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला लागून असलेल्या टेम्पे शहरात. इथलं तळं, टेम्पे टाउन लेक, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जुनं, आपोआप झालेलं तळं असेल असंच वाटलं होतं. नंतर कळलं की तो सॉल्ट रिव्हर या नदीचा कोरडा पडलेला पट्टा आहे. वरच्या अंगाला धरणं झाली (त्यातलं मोठं रूझवेल्ट धरण 1911 चं) आणि पाणी कालव्यांनी शेतांकडे, शहरांकडे वळलं. शहरातून जाणाऱ्या पात्रात वाळू आणि दगडगोटे उरले. 1966 साली इथल्या विद्यापीठातल्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी हे पात्र पुन्हा जिवंत करण्याची कल्पना मांडली. पाणी भरायला 1999 साल उजाडलं. पात्रात हवेने फुगवलेले रबरी बांध घालून मधे सुमारे 3 किलोमीटर लांबीचं तळं केलं. वाळवंटातल्या उन्हाने रबर खाल्लं आणि 20 जुलै 2010 च्या रात्री खालच्या बांधाचा एक भाग फुटला. बघता बघता तळं रिकामं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. तळं पुन्हा भरलं, आणि 2016 मध्ये तिथे पोलादी दरवाजे बसले. नदीला मोठं पाणी आलं की ते दरवाजे खाली करतात आणि तळ्याची परत नदी होते.

हे वाचताना मला सारखा रामकुंडाचा काठ आठवत होता. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, यावर अख्ख्या पंचवटीचा पावसाळा मोजला जातो. धरणाच्या खाली वसलेल्या गावाला नदी वरून सोडेल तेवढीच मिळते. इतक्या लांब येऊन पुन्हा अशाच एका नदीच्या काठी राहायला मिळालं, हे मला फार आपलं वाटतं.

तर कोजागिरी. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही सात-आठ कुटुंबं कुणालाही न विचारता एका लहानशा बागेत सतरंज्या घालून बसलो होतो. दूध वाटायला घेतलं आणि गवतातून फवारे वर आले. इथे हिरवळीला पाणी रात्रीच देतात, कारण दिवसा दिलं तर निम्मं उन्हातच उडून जातं. सतरंज्या भिजल्या, हार्मोनियम भिजली, आणि एक वर्षाचं बाळ थंड पाण्याने दचकून रडायचं थांबेना. चूक आमचीच होती. आधी सांगितलं असतं तर त्या रात्रीपुरतं पाणी बंद ठेवता आलं असतं, हे आम्हाला मागाहून कळलं. जागा राखून ठेवायची म्हणजे इतरांना बाहेर ठेवायचं, एवढाच अर्थ मी तोवर धरून चालले होते. खरं तर आपण तिथे असणार आहोत हे बागेला कळवायचं असतं.

2025 ची कोजागिरी 6 ऑक्टोबरला, सोमवारी आली. इकडे सोमवारी रात्री कुणाला जागता येणार, म्हणून शनिवार, 4 तारीख धरली. चंद्र पुरा व्हायला दोन दिवस कमी, पण चालेल, असं सगळ्यांनी मान्य केलं. अर्ज जुलैतच भरला. किती माणसं, किती वाजता येणार, किती वाजता जागा मोकळी करणार, तंबू आहे का, वाद्यं आहेत का, अन्न विकणार की नुसतं वाटणार. सोबत भाडं आणि अनामत रक्कम.

आणि पहिली पसंती दिलेली हिरवळ मिळालीच नाही! कुणी आधी घेतली होती असं नाही. त्या दिवसांत गवतच बदलणार होतं. याची मला कल्पनाच नव्हती. इथल्या उन्हाळ्यात तग धरणारं बर्म्युडा गवत थंडीत पिवळं पडून झोपी जातं. म्हणून ऑक्टोबरच्या सुमारास ते अगदी बुडापर्यंत कापतात, त्यावर हिवाळी राय गवताचं बी फेकतात, आणि ते रुजेपर्यंत दोन-तीन आठवडे लॉनवर पाऊल टाकू देत नाहीत. फोनवरच्या बाईंनी हे इतक्या आस्थेने समजावलं की मला आमच्या मखमलाबादच्या मामांची आठवण झाली. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी झाली की तेही बागेत कुणाला उगाच फिरू देत नसत. बाईंनीच मग पाण्याला लागून असलेला दुसरा एक पट्टा सुचवला. त्याची पाळी नंतर येणार होती.

अटी वाचून आमच्यातले काही जण वैतागले. जमिनीत खुंटी ठोकायची नाही. का, तर हिरवळीखाली पाण्याच्या नळ्या आहेत. मग कनातीच्या पायांना पाण्याने भरलेल्या बादल्या बांधल्या. रांगोळी फरशीवर घातली तर पावसाने तळ्यात जाणार, म्हणून ती प्लायवूडच्या फळीवर काढली आणि जाताना फळीसकट घरी नेली. माईक लावायचा तर वेगळी परवानगी, म्हणून लावलाच नाही. साठ माणसांच्या भेंड्यांना माईक कशाला हवा? आमचा कार्यक्रम घरगुती होता, तेवढ्यावर भागलं. सगळ्यांना खुला, मंच घालून करायचा असता तर विमा, फिरती स्वच्छतागृहं, सुरक्षारक्षक असं बरंच लागलं असतं. इकडे मोठ्या कार्यक्रमांना सहसा 10 लाख डॉलरचा विमा मागतात.

अडलं ते दुधाशी. गवतावर चूल किंवा शेगडी पेटवायची नाही. आटवलेलं दूध घरून नेता येईल, पण उघड्यावर उकळणाऱ्या दुधात चंद्र बघायचा ही तर कोजागिरी! आमच्या पंचवटीच्या गच्चीवर आजी पातेल्यावरून पदराची सावलीसुद्धा पडू देत नसे. शेवटी तीन घरांत मिळून 18 लिटर दूध आटवलं, केशर, वेलची, जायफळ, भारतातून आलेली चारोळी घातली आणि ते तोटीच्या मोठ्या थर्मासमधून नेलं. एक पसरट पातेलं मात्र रिकामंच नेलं आणि तिथे ते भरून उघड्यावर ठेवलं. आजी असती तर तिने आधी नाक मुरडलं असतं, मग पहिला पेला तिनेच मागितला असता.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथली दुपार 35 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे साडेपाचच्या आत कुणी फिरकलं नाही. हिरवळीच्या कडेला खांबावर एक कागद लावला होता. त्यावर तारीख, वेळ आणि माझं आडनाव, इंग्रजीत. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. या देशात माझ्या नावाची जमीन नाही, भाड्याचं घर आहे. पण त्या संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ, पाण्याकाठचा तो हिरवा तुकडा आमचा होता, आणि तो आमचा आहे हे शहराने लिहून दिलं होतं. शेजारच्या पट्ट्यावर मेक्सिकन कुटुंबाचा वाढदिवस चालला होता. त्यांच्या खांबावरही तसाच कागद होता.

सूर्य मावळला तेव्हा चंद्र पूर्वेला चांगला वर आला होता. डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारी विमानं, पुलावरून जाणारी ट्रेन, आणि खाली पाण्यात दोन्हीचे दिवे. पातेल्यात चंद्र दिसायला थोडं वाकावं लागत होतं. लहान मुलं रांग लावून वाकत होती. शेजारच्या कुटुंबातल्या आजीबाईही येऊन वाकून गेल्या. त्यांना दूध दिलं, त्यांनी आम्हाला केक दिला. कोंडाजीचा चिवडा मुलांनी आधीच संपवला होता, नाहीतर तोही दिला असता.

साडेसहाला आईला व्हिडिओ कॉल लावला. नाशिकला रविवारची सकाळ, सात वाजलेले. ती गोदाघाटावर फिरायला गेली होती. मी तिला तळं दाखवलं, तिने मला नदी दाखवली. मागे कपडे वाळत होते, कुणी सूर्याला अर्घ्य देत होतं, एक भाजीवाली टोपली उतरवत होती. त्या घाटावर बसायला कधी कुणी अर्ज केलेला नाही. वसंत व्याख्यानमालेला आम्ही तिथेच मांडी घालून बसत आलो. हे मोकळेपण मला इथे कधीही मिळणार नाही. पण आईनेच कॅमेरा थोडा खाली केला, आणि पायऱ्यांवरच्या प्लास्टिकच्या पत्रावळी आणि निर्माल्याच्या पिशव्या दिसल्या. "रात्री कुणाचा तरी कार्यक्रम होता," ती म्हणाली. कुणाचा, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नऊ वाजता आम्ही मोबाईलच्या उजेडात गवतातून पिस्त्याची सालं वेचायला लागलो. मुलांमध्ये कुणाची मूठ आधी भरते याची चुरस लागली. बादल्यांतलं पाणी झाडांना घातलं. अनामत रक्कम आठवड्याभरात परत आली.

डिसेंबरात मी तीन आठवडे नाशिकला येते आहे. शाळेतल्या आम्हा बारा जणींना गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी एक संध्याकाळ बसायचं आहे. सतरंज्या आमच्या, डबे आमचे, कचऱ्याच्या पिशव्याही आमच्याच. अर्ज कुणाकडे द्यायचा, पाटबंधारे खात्याकडे की आणखी कुणाकडे, हे माहीत असेल त्यांनी मला जरूर सांगा.