ठोका

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

तीनदा हात धुतले तरी तेलाचा वास जात नाहीये. झोपही येत नाहीये. एका पत्र्याच्या तबकडीपायी एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं हा म्हणाला आणि दोन मिनिटांत घोरायलाही लागला.

आज गाडीचं जुनं सहा सिलिंडरचं इंजिन स्टँडवर चढवायचं होतं. उतरवल्यापासून तीन आठवडे ते गॅरेजच्या कोपऱ्यात टायरवर पडून होतं. स्टँडला मागची बाजू जोडावी लागते, म्हणून आधी फ्लेक्सप्लेट सोडायला घेतली. क्रँकच्या शेपटीला सहा बोल्टांवर बसणारी पातळ पोलादी तबकडी ती. कडेला स्टार्टरचे दात, आणि गिअरबॉक्सचा कन्व्हर्टर हिलाच जोडलेला. सहावा बोल्ट निघाला, तबकडी हातात आली आणि तिचा मधला भाग डुगडुगला. चिंधीने पुसून बॅटरी मारली. बोल्टांच्या भोकांभोवती गोल चीर, जवळजवळ पुरी प्रदक्षिणा घातलेली. जेमतेम दोन बोटं धातू शिल्लक. अंगठ्याने दाबलं की टक्. सोडलं की टक्.

ऑगस्टपासून ज्याला मी बेअरिंगचा ठोका म्हणत होते, तोच हा आवाज.

जेवण तसंच टाकून ऑइल पॅन उघडला. उघडायला नको होता. सहाही रॉडच्या बेअरिंगांवरच्या टोप्या काढल्या, फट मोजायचा प्लास्टिगेजचा हिरवा धागा ठेवून आवळल्या, परत काढल्या, चेपलेला धागा पट्टीवर मोजला. दीड थाउ, म्हणजे इंचाचे दीड हजारांश. दोन थाउ. दीड. बेअरिंगवर साधा ओरखडा नाही. पाचव्यापर्यंत मी मनात म्हणत होते, देवा, निदान एक तरी खराब निघू दे. सहावंही चांगलं निघालं.

म्हणजे त्या बिचाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. ५० वर्षांच्या वर चाललेलं इंजिन, आणि मी त्याला साखळीला टांगून बाहेर काढलं. नवी फ्लेक्सप्लेट साठ-सत्तर डॉलरला मिळते. गिअरबॉक्स मागे सरकवून ती बदलता आली असती, इंजिनाला हात न लावता. त्याऐवजी दुसरं इंजिन बसवण्यात सगळे शनिवार गेले, वेगळे माउंट, मोठा रेडिएटर, पुढच्या स्प्रिंगा, दुखावलेली कंबर. वर मिशिगनच्या नोव्हाय गावात राहून शेवरलेची नोव्हा गाडी घेतली हा विनोद प्रत्येक पाहुण्याकडून ऐकायचा. कुणी एक शब्द बोललं का मला, की बाई, आधी खालचं झाकण उघडून बघ?

बोललं होतं. बाबांना आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. त्यांचं एका ओळीचं उत्तर: ‘एकेक प्लगची वायर काढून बघितलीस का?’ मी कळवलं, ‘हो.’ खोटं नव्हतं ते. सहाही वायरी काढल्या होत्या, फायरिंगच्याच क्रमाने, १-५-३-६-२-४. रॉडचा ठोका असता तर त्या सिलिंडरची ठिणगी तोडल्यावर तो मऊ पडायला हवा होता. एकदाही पडला नाही. सहाच्या सहा वेळा इंजिन मला सांगत होतं की मी नव्हे, आणि मी पुढची वायर काढत होते. बाबांनी पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दादाच्या वेळी पण मी अशीच... जाऊ दे.

आत्ता फोनवर तो आवाज परत ऐकला. तीन वेळा. आता तर तो सरळ सरळ पत्र्याचाच वाटतो. तेव्हा कसा नाही वाटला?

फोन हातात होता म्हणून आणखी एक गोष्ट बघितली. बघून हसूच आलं. आवाज सुरू झाला ऑगस्टमध्ये. फ्लिंटच्या वाटेवरच्या त्या माणसाची ‘३५०’ व्ही-एट इंजिनाची जाहिरात मी सेव्ह केली होती जुलैत.

तर असं आहे सगळं. व्ही-एट मला आधीपासून हवं होतं, फक्त कारण सापडत नव्हतं. त्यात शेवरलेने सोय अशी करून ठेवलेली की २५० सिक्स आणि स्मॉल ब्लॉक ३५०, दोघांना मागे गिअरबॉक्सचे बोल्ट तेच. मोह होणारच. आणि ते इंजिन आहे देखणं. पुढच्या पट्टीवर ठोकलेला नंबर ‘व्ही’ने सुरू होतो, म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यातलं, इथून तासाभराच्या आत. १९६७ च्या कॅमॅरो गाडीत पहिल्यांदा आलं तेच कुळ. गाडीत बसवून झालंय, सुरू करायचं बाकी आहे.

शेजारचे आजोबा संध्याकाळी डोकावले. तबकडी उलटीपालटी करून बघितली आणि ह्याला म्हणाले, भल्याभल्यांना फसवतो हा आवाज. सांगायचं मला होतं, सांगितलं ह्याला. ह्यानेही मान डोलावली, जणू दिवसभर पॅनखाली हाच पडला होता. वर मला विचारतो, मग आता जुनंच परत बसवायचं का? मी पाना शोधायला म्हणून आत निघून गेले.

बाबांच्या तिकडे रविवारचे दहा वाजलेत, ऑनलाइन दिसतायत. आज नको. चहा होऊ दे त्यांचा.

जुन्या इंजिनाची जाहिरात टाकली होती: ‘बेअरिंग गेलेलं, भंगाराच्या भावात, १०० डॉलर.’ ती आत्ता बदलली. ‘इंजिन उत्तम. बेअरिंगं मोजलेली, फोटो सोबत. फ्लेक्सप्लेट मात्र नाही.’ किंमत घातली ३५०. तो आकडा बघून कसंतरीच झालं. ३२५ केली.