दर दोन सेकंदांनी एक

2016 चा जानेवारी. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात गळीत हंगाम ऐन भरात होता, आणि तिथल्या कंट्रोल रूममध्ये आमचा प्रोग्राम वारंवार कोसळत होता. बॉयलर, गाळप, रसाच्या टाक्या, सगळ्यांचे आकडे ऑपरेटरला त्याच पडद्यावर दिसायचे. तो गेला की दोन मिनिटं माणूस आंधळा.

प्रोग्राम आम्ही एक्लिप्स आरसीपीवर, म्हणजे जावातले डेस्कटॉप प्रोग्राम बांधायच्या तयार सांगाड्यावर, बांधला होता. 2004 मध्ये एक्लिप्स 3.0 आलं तेव्हापासून त्याचा गाभा ओएसजीआयवर, म्हणजे जावाचा प्रोग्राम सुट्या तुकड्यांतून जोडायच्या पद्धतीवर, चालतो: सगळं प्लग-इन नावाच्या तुकड्यांमध्ये. ग्राफ एक प्लग-इन, अलार्मची यादी दुसरा, रिपोर्ट तिसरा. एक्स्टेन्शन पॉइंट (भर जोडायची जागा) ठरवून दिला की दुसऱ्या टीमचा माणूस आपल्या कोडला हात न लावता त्यात भर घालतो. शिवाय आम्ही बहुतेक जण पुण्यात उबुंटूवर काम करायचो आणि कारखान्यांत सगळीकडे विंडोज 7. एसडब्ल्यूटी, म्हणजे एक्लिप्सचं पडद्यावरच्या गोष्टींचं टूलकिट, खिडक्या-बटणं स्वतः रंगवत नाही, त्या त्या सिस्टिमकडून मागून घेतं. त्यामुळे एकच जावा कोड दोन्हीकडे चालायचा आणि दोन्हीकडे तिथलाच वाटायचा. मला ही रचना तेव्हाही आवडायची, आजही आवडते.

लॉगमध्ये दर वेळी एकच ओळ होती: 'नो मोअर हँडल्स'. म्हणजे सिस्टिमकडून चित्रा-खिडक्यांसाठी मिळणारी टोकनं संपली. खाली स्टॅक ट्रेस, म्हणजे कोसळताना कुठला कोड चालू होता त्याची यादी, आणि त्यात दर वेळी ग्राफचाच प्लग-इन.

तो लिहिणारा मुलगा नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं. दोन रात्री तो स्वतःचा कोड चाळत बसला. एसडब्ल्यूटीचा नियम साधा आहे: ज्याने बनवलं त्यानेच मोडायचं. जावाचा गार्बेज कलेक्टर वापरून झालेली मेमरी आपोआप उचलतो, पण चित्रासाठी विंडोजकडून घेतलेलं हँडल परत करत नाही. ते आपण डिस्पोज करून परत द्यायचं. त्याने प्रत्येक ठिकाणी दिलं होतं. मीही ओळ न ओळ वाचली आणि तरी त्याला म्हणाले, "पुन्हा एकदा बघ." त्याचा चेहरा उतरला. ते मला अजून लागून राहिलंय.

तिसऱ्या दिवशी मी स्टॅक ट्रेस बाजूला ठेवला आणि फक्त वेळा कागदावर उतरवल्या. सकाळी 6:10. 11:15. दुपारी 4:20. रात्री 9:25. घड्याळ लावल्यासारखं, पाच तास पाच मिनिटं. शिफ्ट बदलली तरी तेच, कुणी दहा ग्राफ उघडले तरी तेच. ग्राफचा दोष असता तर ग्राफ जास्त उघडल्यावर प्रोग्राम लवकर पडला असता.

कंट्रोल रूमला फोन लावला. शिफ्टवर एक वयस्कर ऑपरेटर होते. म्हटलं, "काका, टास्क मॅनेजर उघडा. व्ह्यू, सिलेक्ट कॉलम्स, त्यात जीडीआय ऑब्जेक्ट्सवर टिक करा. आता आपल्या प्रोग्रामसमोरचा आकडा वाचा."

"दोन हजार चारशे अकरा... बारा झाले, मॅडम. तेरा. चौदा."

मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. दर दोन सेकंदांनी एक. विंडोज एका प्रोसेसला साधारणपणे 10,000 जीडीआय हँडल, म्हणजे चित्रं काढायला लागणारी हँडल, देतं. प्रोग्राम सुरू होतानाच लागणारी नऊएकशे वजा केली तर उरलेली संपायला पाच तासांवर तीनच मिनिटं लागतात. वर पुन्हा सुरू व्हायचा वेळ. हिशोब तंतोतंत बसला.

ओएसजीआय प्रत्येक प्लग-इनचा कोड वेगळा ठेवतं, पण प्रोसेस सगळ्यांची एकच. वाड्यात बिऱ्हाडं वेगळी आणि पाण्याची टाकी सामाईक, तसं. नळ एकाचा गळतो, आणि शेवटी ज्याची बादली रिकामी राहते तो भलताच असतो. ग्राफ दर सेकंदाला पडद्यामागे एक चित्र बनवून मोडायचा. सगळ्यांत जास्त वेळा हात पसरणारा तोच, म्हणून दहा हजारांनंतरचा नकार त्याच्याच पदरी यायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दोन सेकंदांचा ताल आमच्या अख्ख्या प्रॉडक्टमध्ये एकाच ठिकाणी होता. ॲकनॉलेज न केलेल्या, म्हणजे ऑपरेटरने 'पाहिला' अशी खूण न केलेल्या, अलार्मचं चिन्ह दर दोन सेकंदांनी रंग बदलायचं: लाल, करडं, लाल. ती लुकलुक दुसऱ्या टीमने आमच्या एक्स्टेन्शन पॉइंटमधून जोडली होती. कोड उघडला. चिन्ह मागणाऱ्या गेटइमेजच्या आत दर वेळी नवं चित्र बनवणारं क्रिएटइमेज, डिस्पोज कुठेच नाही.

आमच्याकडे हे दिसलं का नाही? उबुंटूवर चित्रांना अशी मर्यादाच नाही. सोळा बाय सोळाचं चिन्ह, दहा हजार साठली तरी मेमरी दहा एमबी. आणि चाचणीच्या विंडोज मशिनवर आम्ही अलार्म आला की लगेच ॲकनॉलेज करायचो.

"काका, तिथे एखादा अलार्म बरेच दिवस लुकलुकतोय का?"

"हो तर. तीन नंबरच्या पंपाचं बेअरिंग. सेन्सर गेलाय, पंप बंदच आहे. ॲकनॉलेज केला तर मेंटेनन्सवाले विसरतील, म्हणून मुद्दाम तसाच ठेवलाय."

किती शहाणपणाचं कारण! मी म्हटलं, आता फक्त एकदा करून बघा. ते म्हणाले, "थांबा, आधी रजिस्टरला लिहून ठेवतो." पान उलटल्याचा आवाज, मग माउसची क्लिक.

"थांबला, मॅडम. दोन हजार नऊशे तीस. हलत नाही."

शेजारी उभा असलेला ग्राफवाला मुलगा मटकन खुर्चीत बसला. मी आधी त्याची माफी मागितली, मग दुसऱ्या टीमला फोन केला.

दुरुस्ती दहा ओळींची. लाल आणि करडं, दोन्ही चिन्हं एकदाच बनवून इमेज रजिस्ट्रीत, म्हणजे चित्रांच्या सामाईक साठ्यात, ठेवायची आणि तिथूनच घ्यायची. एकच प्लग-इन बदलला, आवृत्तीचा शेवटचा अंक वाढवला, झिप केलेली अपडेट साइट (नव्या प्लग-इनचं फोल्डर) पेन ड्राइव्हवर टाकून तो मुलगाच स्वारगेटहून रात्रीच्या एसटीने निघाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. काकांनी पंपाचा अलार्म पुन्हा लुकलुकता ठेवला होता.

"सात तास झाले, मॅम. एक हजार चाळीस."

"अजून थांब."

तो फोन न ठेवता थांबला. मागे कारखान्याची घरघर ऐकू येत होती.

"एक हजार चाळीस," तो म्हणाला.