उशीर झाला म्हणून सोडून दिलेली मुलं

सायकॉलॉजीत रिसर्च करतो असं कुणी सांगितलं की लोक पटकन विचारतात, त्याचा फायदा काय? मी अशा वेळी जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांना उशिरा का होईना दृष्टी देणाऱ्या प्रोजेक्ट प्रकाशबद्दल सांगते, आणि अगदी आवडीने सांगते.

आधी थोडं मागे जाऊ. ह्यूबेल आणि वीझेल या दोन मेंदूशास्त्रज्ञांनी हार्वर्डमध्ये मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने बंद ठेवला, नंतर उघडला तरी मेंदू त्या डोळ्याला दाद देईना. 1981 चं नोबेल मिळालं त्यांना. मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांचं ऑपरेशन लवकरात लवकर करायचं, ही समज पक्की व्हायला हे काम कारणीभूत आहे, कितीतरी बाळांची नजर त्यामुळे वाचली असेल. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की आठ-दहा वर्षांचं पोर आलं तर आता काही उपयोग नाही असंच धरलं जायचं. गरीब घरातली मुलं तर उशिराच यायची ना!

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ पवन सिन्हांना हे पटलं नाही, आणि त्यांनी प्रोजेक्ट प्रकाश सुरू केला. त्यांच्या टीमने गावोगावची अशी मुलं शोधली, दिल्लीच्या श्रॉफ हॉस्पिटलमध्ये फुकट ऑपरेशनं करवली, आणि नंतर मेंदू बघायला कसा शिकतो याचा अभ्यास केला. उपचार आणि रिसर्च एकाच ठिकाणी, मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

1688 मध्ये डब्लिनच्या मॉलिन्यूने तत्त्वज्ञ जॉन लॉकला विचारलं होतं की जन्मांध माणसाला हाताने ओळखता येणारा गोळा आणि ठोकळा, दृष्टी आली तर नुसता बघून ओळखता येईल का? त्याचं उत्तर सिन्हांच्या टीमच्या कामातून 2011 मध्ये छापून आलं. 8 ते 17 वर्षांच्या पाच मुलांना पट्टी निघाल्यावर लगेच तपासलं, तर हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखणं जवळपास अंदाजपंचेच होतं, पण काही दिवसांतच, कुणी शिकवलं नसताना, ते बरंच जमायला लागलं. अजून एक, एकमेकांवर आलेला गोल आणि चौकोन स्थिर असेल तर या मुलांना ते सुटे सुटे तुकडेच दिसायचे, पण आकार हलायला लागले की वस्तू कुठली ते कळायचं. म्हणजे हालचालीतून मेंदू शिकतो.

या मुलांची नजर आपल्यासारखी तीक्ष्ण होत नाही, बारीक अक्षरं अवघड जातातच, पण माणसं ओळखणं, एकट्याने चालणं, याची किंमत त्यांच्या आईवडिलांना विचारा.

म्हणून सांगते, बाळाच्या बुबुळात पांढरट काही दिसलं तर थांबू नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आणि ओळखीत असं एखादं मोठं मूल असेल, वय निघून गेलं म्हणून कुणी दाखवलंच नसेल, तर त्यालाही एकदा तपासून घ्या.