सतरा गाण्यांची दाटी

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ची जुनी एलपी, म्हणजे सुईने वाजणारी मोठी तबकडी, हाती लागली की आधी पाठीवरची गाणी मोजावीत. ऑक्टोबर १९८१ची ब्रिटिश आवृत्ती असेल तर ती सतरा भरतात. अमेरिकन तबकडीवर चौदाच, पण तिच्यात ‘अंडर प्रेशर’ आहे.

सतरा गाणी म्हणजे जवळजवळ ५८ मिनिटं, एका बाजूला २९. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं ऐसपैस मावतात. त्यापुढे खाचा एकमेकींना खेटवाव्या लागतात. खर्जाची, म्हणजे बेसची खाच सगळ्यात जास्त वळवळते, शेजारणीत घुसू पाहते. म्हणून कापतानाच एकूण आवाज आणि खर्ज दाबावा लागतो. ही तबकडी दबकी वाजते ती त्यामुळे. अँप्लिफायर वाढवला की खरखरही वाढते. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’सारखं बेसवर उभं असलेलं गाणं दुसऱ्याच क्रमांकावर, बाहेरच्या भागात आलं, हे त्यातल्या त्यात बरं.

कारण खरी गोची मधल्या लेबलाजवळ. एक फेरा १.८ सेकंदांचाच, पण बाहेर सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते आणि आत जेमतेम २१-२२. तेवढ्यात तोच तपशील कोंबायचा. आणि या अडचणीच्या जागी बसवलंय काय, तर ‘वी आर द चॅम्पियन्स’! मैदान दणाणून सोडणारं गाणं सगळ्यात चिंचोळ्या गल्लीत. गायक फ्रेडी मर्क्युरीचे ‘स’ तिथे थुंकल्यासारखे फुटतात. (पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारुख बलसारा तो हाच.) क्रम भावनेच्या दृष्टीने अचूक, भूमितीच्या दृष्टीने आत्मघातकी.

‘स’ फुटत असतील तर आधी सुई पुसावी, मागून पुढे, कोरड्या ब्रशने. मग सुईचा खाचेवर पडणारा भार बघावा. बऱ्याच कार्ट्रिजांना (सुई बसवलेल्या डब्यांना) १.८ ते २ ग्रॅम लागतो, तरी आपल्या कार्ट्रिजचा आकडा पाहूनच लावावा. तबकडी जपायची म्हणून तो कमी ठेवणं उलट महागात पडतं: हलकी सुई खाचेत उडते आणि भिंती खरवडते. शेवटी कार्ट्रिज जुळवायच्या कागदी मापपट्टीवर खुणेच्या दोन्ही बिंदूंपाशी कार्ट्रिज सरळ आहे ना, ते तपासावं. गोल टोकाच्या सुईऐवजी लंबगोल टोकाची घेतली तर आतल्या खाचांमध्ये फरक लगेच कळतो.

जुनी प्रत विकत घेताना दुकानदार ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ लावून दाखवेल. ते पहिलं, सगळ्यात बाहेरचं गाणं. त्याला तबकडी उलटून शेवटचं लावायला सांगावं.